चार मतांतलं एक

वन्सं, तुमचं तेरावं परवा झालं. मांडव निघाला, पाहुणे गेले, उसनी आणलेली पातेली घासून ज्याची त्याला परत केली. आता घरात तुमचा भाऊ, मी आणि तुमची खोली. खोलीचं दार मी लोटून ठेवलंय. उघडं ठेवलं तर आतून तुम्ही हाक माराल असं वाटतं. आणि मारलीत तर मी ओ देणार की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेरा दिवस माणसं येत होती आणि तुमच्याबद्दल बोलत होती. ताई होत्या म्हणून गल्लीतल्या बायकांना मत म्हणजे काय ते कळलं. ताई होत्या म्हणून आम्ही नवऱ्याला न विचारता बटण दाबायला शिकलो. मी पाण्याचे तांबे पुढं करत होते आणि मान हलवत होते. खोटं काहीच नव्हतं त्यात. तुमचं ऐकून शहाणं झालेलं माझ्याइतकं गल्लीत दुसरं कोण होतं? आणि तुमच्याकडून फसलेलंही माझ्याइतकं दुसरं कोणी नव्हतं. हे तुमच्या तोंडावर बोलायचं राहिलं, म्हणून लिहायला बसले आहे.

लग्न होऊन मी नेसरीकडच्या खेड्यातून कोल्हापुरात आले, तेव्हा तुम्ही तहसील कार्यालयात निवडणूक शाखेत कारकून होता. लग्न केलेलं नव्हतं तुम्ही, घर तुमच्या पगारावर उभं होतं, आणि मी तुम्हाला जाम घाबरायची. वर्षाच्या आत तुम्ही माझं नाव मतदार यादीत घातलंत. मग निवडणूक आली. मी तुमच्या भावाला विचारलं, कुणाला द्यायचं? ते म्हणाले, "कुणालाबी दे. सगळी तसलीच. मी तर जातच न्हाई." तुमच्या आई, आत्ती, म्हणाल्या, "इचारायचं काय त्यात? आपलं चिन्ह ठरलेलं हाय." तुम्ही भाकरी थापत होता. तव्यावरची भाकरी उलटवत तुम्ही मला म्हणालात, "ज्याला मत देणार, त्याचं पूर्ण नाव सांग बघू."

मला सांगता आलं नाही.

"नाव म्हाईत न्हाई आणि मत द्यायला निघालीस?" एवढंच बोललात. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही चार उमेदवारांची माहिती माझ्यापुढं टाकलीत. कोण किती शिकलाय, कुणावर कसले गुन्हे आहेत, कोण निवडून गेल्यावर सभागृहात कधी तोंड उघडून बोललाय. बारावी झाल्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी मन लावून वाचलं. दुसऱ्या दिवशी मत देऊन बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते, वन्सं. माहेर सोडल्यापासून मी एकटीनं ठरवलेली ती पहिली गोष्ट होती.

पुढं तुम्ही रिटायर झालात आणि सगळ्या गल्लीच्याच मास्तरीण झालात. निवडणूक लागली की माझ्या पिको-फॉलच्या दुकानासमोर सतरंजी पडायची. बायका भाजी निवडायला घेऊन यायच्या आणि तुम्ही चष्मा लावून उमेदवारांची शपथपत्रं मोठ्यानं वाचायचा. मुमताजभाभी एकदा म्हणाली, "ताई, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या एकच निशाणी चालते, त्याचं काय?" त्यावर तुम्ही जे बोललात ते गल्लीत अजून सांगतात. "म्हैस घेताना दात बघतासा, कास बघतासा, चार दिवस धार काढून बघतासा. आणि नगरसेवक घेताना नुसता खुंटा बघतासा, कुणाच्या दारातला हाय!" मुमताजभाभी हसून हसून सतरंजीवर आडवी झाली होती. मीही हसले होते. तुम्हीसुद्धा हसला होता, हे मला आता सारखं आठवतं. तुम्ही नक्की कशाला हसला होता?

दवाखान्याचं तुम्हीच माझ्या डोक्यात भरवलंत. वॉर्डातल्या महापालिकेच्या दवाखान्याला कुलूप लागलं होतं आणि बायका साध्या तपासणीला रिक्षा करून लांब जात होत्या. तुम्ही अर्ज लिहायचा, मी सह्या गोळा करायच्या, असं आपण दीड वर्ष केलं. शेवटी आठवड्यातून दोन दिवस तो उघडायला लागला, मंगळवार आणि शुक्रवार. त्या पहिल्या मंगळवारी आपण दोघी तिथं नुसत्या बाकावर जाऊन बसलो होतो, आठवतंय? आजारी कुणीच नव्हतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मंगल, अर्ज करण्यात जन्म जाईल. निवडणूक लागली की तू उभी राहा."

महापालिकेत किती वर्षं प्रशासकच होता. निवडणूक लागेल असं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून मी "राहते की" म्हटलं. आणि ती लागली. आपल्या प्रभागात चार जागा, म्हणजे प्रत्येकाला चार मतं; त्यातली एक जागा आपल्या प्रवर्गातल्या बाईसाठी राखीव. तुम्ही मागं लागला, तुमच्या भावानं कपाळाला हात लावला, आणि मी अपक्ष म्हणून उभी राहिले. माझं शपथपत्र तुम्ही भरलंत, एकेक रकाना मला वाचून दाखवत. "कोरा सोडायचा न्हाई. लपवायचं काही न्हाई तर भ्यायचं कशाला?" चिन्ह मिळालं शिलाई मशीन. तुम्ही इतक्या खूश झालात की कार्यालयातून घरापर्यंत चालत आलात.

समोर पक्षाची जी बाई होती, ती माजी नगरसेवकाची बायको. तिला वॉर्डात कुणी कधी बघितलं नव्हतं. बॅनरवर तिच्यापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा होता, आणि त्या दोघांपेक्षा चिन्ह मोठं होतं. प्रचाराला ती आपल्या गल्लीत आली आणि तुमच्या पाया पडली.

"आशीर्वाद हाय," तुम्ही म्हणालात. "एक सांग बाळ, आपला दवाखाना आठवड्यातनं किती दिवस उघडा असतोय?"

ती नवऱ्याकडं बघायला लागली. नवरा हसत पुढं झाला, "ताई, तिला कशाला विचारतासा? मी हाय की!"

"तू हाईस, पर मशीनवर नाव तिचं हाय."

अख्खी गल्ली हसली. ती बिचारी लाल झाली. मला तिची दया आली होती, आणि तुमचा अभिमान वाटला होता.

गुडघे दुखत असताना तुम्ही माझ्यासाठी जिने चढलात, हे मी विसरलेले नाही. पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये एक पोरगा दार अर्धंच उघडून म्हणाला होता, "काकू, आमचा काय संबंध? सगळे एकाच माळेचे मणी." तुम्ही त्याला म्हणालात, "मणी एकसारखे हाईत का न्हाईत ते बघायला माळ हातात तरी घे." तो कसनुसा हसला आणि त्यानं दार लावलं. मतदानाच्या दिवशी ती अर्धी इमारत जोडून सुट्टी काढून तारकर्लीला गेली होती. खाली गाड्यांची जागा रिकामी बघून तुमचा चेहरा पडला. म्हणालात, "ह्यांच्यापेक्षा पक्षाची माणसं बरी. निदान उठून येत्यात तरी." तेव्हा मला ते नुसतं रागानं बोललेलं वाटलं.

मतदानाला आपण तिघं गेलो. तुमचा भाऊ जन्मात पहिल्यांदा रांगेत उभा राहिला. चार वेळा बटण दाबायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांनी तुम्हाला दोनदा विचारलं. बाहेर आल्यावर शाई लावलेलं बोट ते लहान मुलासारखं सारखं बघत होते. मग आपण फोटो काढला, तिघांची तीन बोटं. फोटो झाल्या झाल्या तुम्ही बोट पदराखाली घेतलंत. मला वाटलं, गुडघे दुखतायत, घरी जायची घाई असेल.

मी पडले. दुसऱ्या नंबरावर राहिले, पण मध्ये अंतर मोठं होतं. आपल्या गल्लीनं भरभरून मतं दिली, बाकी वॉर्डानं चिन्ह बघितलं. मला फार वाईट वाटलं नव्हतं, खरंच. मुमताजभाभी म्हणाली, "पिढ्यांची निशाणी मोडली मी तुझ्यासाठी, आता चहा तरी पाज." आपण सगळ्यांनी दुकानात चहा घेतला. तुम्ही अर्धाच कप प्यायलात.

त्यानंतर आठवड्याभरानं, दुपारी, आपण आजऱ्याहून आलेला घनसाळ तांदूळ निवडत बसलो होतो. तुमचा भाऊ कामावर होता. तुम्ही सुपातून मान वर न करता म्हणालात,

"मंगल, एक सांगायचं हाय. मनात ठिवून चालंना झालंय."

"सांगा की."

"मी तुला मत दिलं न्हाई."

मी हसले. "मग काय जोतिबाला दिलासा?"

"तिला दिलं. चारीच्या चारी चिन्हाला दिली."

माझे हात सुपातच राहिले. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "बाबांचं चिन्ह हाय ते. बाबा भिंती रंगवायचे तवा रंगाचा डबा मी धरायची. मशीनफुडं उभी राहिले. तुझं नाव वाचलं. बोट तिथवर न्हेलंबी. पर दाबंना झालं. डबा हातातनं सोडल्यागत वाटलं."

"आणि याच्या आधी?"

"आधीबी तेच. नोकरीत होते तवा टपाली मत, मग मशीनवर. जन्मात दुसरीकडं दिलंच न्हाई."

"माणूस कोण हाय ते न बघता?"

"बघायची की. सगळ्यांचं सगळं वाचायची. वाचून झालं की चिन्हाला द्यायची."

"मग आमाला कशाला शिकवलासा?"

तुम्ही तेव्हा माझ्याकडं बघितलंत. "तुमाला तरी जमावं म्हणून."

मी सूप खाली ठेवून उठले. त्यानंतर मी तुमच्याशी बोलले नाही.

तुमच्या एका मतानं मी पडले नाही, हे मला कळतं. ते मत मिळालं असतं तरी मी पडलेच असते. पण चार मतं होती तुमच्याकडं, वन्सं. मामंजींच्या नावानं तीन द्यायची होती, तर खुशाल द्यायची. चारातलं एक. ज्या बाईला दवाखान्याचे वार सांगता आले नाहीत, जिला तुम्ही सगळ्यांसमोर लाल केलं, तिच्या नावासमोरचं बटण दाबलंत. आणि जिचं शपथपत्र तुम्ही स्वतःच्या हातानं भरलंत, तिच्या नावावरून बोट उचललंत. ज्यांना तुम्ही नेहमी नावं ठेवायचा, ते तुमचे भाऊ "सगळी तसलीच" म्हणत का होईना, रांगेत येऊन मला मत देऊन गेले. त्यांनी एकही शपथपत्र वाचलं नव्हतं. तुम्ही सगळी वाचली होती.

मला आणखी एक गोष्ट लागली. तुम्ही नसतं सांगितलं तर ते मला कधीच कळलं नसतं. मत गुप्त असतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही सांगितलंत आणि तुमचं ओझं उतरलं. तुमचा चेहरा त्या संध्याकाळी हलका दिसत होता. ते ओझं माझ्या डोक्यावर आलं, आणि मी ते कुणापाशी उतरवू? तुमच्या भावाला सांगितलं तर त्यांची ताई जाईल. गल्लीला सांगितलं तर गल्लीचा सगळ्यावरचाच विश्वास जाईल. ज्या बायका तुमचं ऐकून घरातल्यांच्या विरोधात गेल्या, त्यांनी काय करायचं?

सव्वा महिना मी तुम्हाला ताट वाढलं आणि बोलले नाही. "त्यांना विचारा, चहा टाकू का," असं तुमच्या भावाकरवी विचारायची, तुम्ही हातभर अंतरावर बसलेल्या असताना. ते म्हणायचे, "काय झालंय तुमच्या दोघींचं?" तुम्ही म्हणायचा, "काय न्हाई, हरल्याचा राग हाय, जाईल." तुमचं तेही बोलणं मला सहन होत नव्हतं. मग एक दिवस तुम्ही दवाखाना रोज उघडावा म्हणून नवा अर्ज लिहिलात आणि माझ्या शिलाई मशीनवर ठेवलात, सहीची जागा मोकळी सोडून. मी सही केली नाही. फाडलाही नाही. त्याच्यावर कैची ठेवून दिली.

या सव्वा महिन्यात मी तुमच्याशी मनातल्या मनात किती भांडले, तुम्हाला काय सांगू. मला तुम्हाला विचारायचं होतं, मामंजींनी ते चिन्ह का रंगवलं, हे तुम्ही कधी आठवलंत का? तुम्हीच सांगायचा की त्यांच्या वेळचा उमेदवार गल्लीत सायकलवरून यायचा, नळासाठी खड्डा मारायला स्वतः उतरायचा. मामंजींनी त्या माणसासाठी भिंती रंगवल्या. माणूस गेला, भिंती पडल्या, चिन्ह तेवढं राहिलं, आणि तुम्ही त्यालाच बाबा समजत राहिलात. मामंजी आज असते तर त्यांनी त्या बाईला मत दिलं असतं का? मला वाटतं, त्यांनी सुनेसाठी डबा घेऊन भिंत रंगवली असती. हे मी तुम्हाला सांगणार होते. वाक्यं जुळवून ठेवली होती. राग जरा निवला की बोलू, घाई कुठं आहे, असं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीहून आलात आणि छाती धरून भिंतीला टेकलात. रिक्षात तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. सव्वा महिन्यात मी तुम्हाला पहिल्यांदा हात लावला तो तेव्हा. दुसऱ्या दिवशी मला दहा मिनिटं आयसीयूत सोडलं. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला करायला बघत होता. म्हणालात, "मंगल, ते मत..." आणि मी मास्क परत बसवला. "बोलू नका. दम लागंल," म्हटलं. नर्सला वाटलं असेल किती काळजी घेते. काळजी होतीच. पण खरं सांगते, मला ते ऐकायचंही नव्हतं. तुम्ही माफी मागितली असती तर मला काहीतरी म्हणावं लागलं असतं. आणि तुम्ही "पुन्हा वेळ आली तरी तेच करीन" म्हणाला असतात तर? त्याची मला जास्त भीती वाटत होती. तुम्ही डोळे मिटलेत. माझा हात मात्र धरून ठेवलात. मी तो सोडवला नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी तो माजी नगरसेवक बायकोला घेऊन भेटायला आला. ती आता नगरसेविका आहे. तिनं या वेळी नवऱ्याकडं न बघता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताईंनी मला त्या दिवशी विचारलं ना, तवापासनं मी दोनदा दवाखान्यात जाऊन आले." मी तिच्यापुढं पाण्याचा तांबा केला. नवरा मात्र बोलतच होता. चौकात तुमचा मोठा फ्लेक्स लावायचा, पक्षाचं चिन्ह घालून, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"चिन्ह नको," मी म्हटलं.

"असं कसं वहिनी? ताई आमच्या जुन्या घराण्यातल्या. त्यांच्या वडिलांनी सगळ्या पेठेच्या भिंती रंगवल्या. ताईंचं मत कवा दुसरीकडं गेलं नसंल. या खेपेला तेवढं घरचं माणूस म्हणून तुमाला दिलं असंल, आमी समजून घेतलं."

तुमचे भाऊ भिंतीला टेकून बसले होते. बहीण गेल्यापासून आठ दिवसांत ते पहिल्यांदा सरळ होऊन बसले. "एक मत गेलं की तुमचं," ते म्हणाले. "माझ्या ताईनं माणूस बघून दिलं. न्हाई का गं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मुमताजभाभी दारात होती, गल्लीतल्या सातआठ बायका होत्या. वन्सं, माझ्या जिभेच्या टोकावर ते होतं. दोन शब्द बोलले असते तर मी मोकळी झाले असते, जशा तुम्ही तांदूळ निवडताना झालात. तो माणूस जिंकला असता, तुमचे भाऊ पुन्हा भिंतीला टेकले असते, आणि चौकात तुमचा फोटो चिन्हासकट लागला असता. तो खराही ठरला असता.

"व्हय," मी म्हटलं. "मलाच दिलं. बाहेर आल्या आल्या मला सांगितलं त्यांनी."

फ्लेक्सचा विषय तिथंच मिटला. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि मोरीपाशी बसले. तुम्ही गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, आल्या-गेल्यांना ते खटकतही होतं. तिथं आलं. ते तुम्ही गेल्याचं होतं, की तुम्ही फसवल्याचं, की तुमच्यासाठी खोटं बोलल्याचं, मला वेगळं करता येईना. बाहेरून तुमचे भाऊ विचारत होते, काय झालं गं, काय झालं. मी नळ मोठा सोडला आणि कप विसळत राहिले.